पॉइंट टू-टूची गोळी आणि ससा : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"सशाला कुठली गोळी चांगली?" हा प्रश्न आमच्या काउंटरवर अधूनमधून येतोच. विचारणारे दोन प्रकारचे असतात. काहींची मुरबाड-शहापूरकडे शेती असते. काहींचा मुलगा किंवा पुतण्या न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियात शेतावर कामाला असतो आणि तिथून व्हिडिओ कॉलवर म्हणतो, "काका, ठाण्यात तुमच्या ओळखीचं दुकान आहे ना, जरा विचारून सांगा." दोघांना एकच उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक काढलं.

इथल्या सशाबद्दल

आपल्या माळावरचा ससा मारता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये तो संरक्षित आहे. वाघर लावणं, फासकी मांडणं, कुत्री सोडणं आणि नुसता प्रयत्न करणं, हे सगळं त्या कायद्यात शिकारीतच धरलं जातं. "छर्‍याच्या बंदुकीला तर लायसन्स लागत नाही," असं सांगणारे भेटतात. बंदुकीला लागत नसेल, पण सशाला कायदा लागतो. पिकाचं नुकसान होत असेल तर वनखात्याकडे अर्ज करा. लेखी परवानगीशिवाय बंदूक उचलू नका. आजोबा शिकारीला जायचे हे आम्हालाही ठाऊक आहे, त्यांच्या काळातली गिऱ्हाइकं आमच्या जुन्या वह्यांत आहेत. तो काळ आता संपला.

ठाणे-नवी मुंबईच्या परवानाधारकांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. याच कायद्याच्या कलम ३४ नुसार अभयारण्यात किंवा त्याच्या १० किलोमीटरच्या परिघात राहणाऱ्या शस्त्रपरवानाधारकाने वन्यजीव विभागाकडे नाव नोंदवायचं असतं. राष्ट्रीय उद्यानालाही हे लागू आहे. आता नकाशा डोळ्यांसमोर आणा: येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग, ऐरोलीला लागून खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य, पनवेलकडे कर्नाळा. दहा किलोमीटरच्या बाहेर राहणारं गिऱ्हाईक आम्हाला शोधावं लागेल. नोंदणी केलेली नसेल तर आधी ते काम उरका.

तिकडच्या सशाबद्दल

तिकडचा ससा वेगळा, मूळचा युरोपातला. आपला ससा बिळात राहत नाही. गवतात जागा करून बसतो आणि त्याची पिल्लं डोळे उघडे घेऊनच जन्मतात. युरोपातला ससा बिळं खणून वसाहती करतो. १८५९ मध्ये थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात शिकारीच्या हौसेसाठी डझन-दोन डझन ससे सोडले, त्याची फळं ते लोक अजून भोगताहेत. १९५० मध्ये मुद्दाम रोग सोडून पाहिला, तरी ससा संपला नाही. न्यूझीलंडच्या ओटागो भागातही त्याने कुरणांची चाळण केली आहे. तिथे ससा मारणं हे शेतीचं काम समजतात. तेव्हा प्रश्न उरतो तो एवढाच, की जनावर तडफडू नये.

इथे बहुतेकांची समजूत चुकते. "जास्त पॉवरची द्या म्हणजे लगेच मरेल." ससा दोन किलोच्या आसपासचा प्राणी, डोक्यात बसली तर पॉइंट टू-टूची (म्हणजे ०.२२ इंच जाडीची) साधी गोळीही त्याला जागच्या जागी पाडते. पोटात बसली तर महागातली वेगवान गोळीही त्याला बिळात शिरून मरायला लावते. म्हणून गोळी निवडायची ती नेमकेपणावर.

पॉइंट टू-टू लाँग रायफल हे रिमफायर काडतूस १८८७ पासून चालत आलं आहे. शिसं ४० ग्रेन, म्हणजे २.६ ग्रॅम, सोनाराच्या हिशेबात एकवीस-बावीस गुंजा. रिमफायर म्हणजे पेटणारा मसाला काडतुसाच्या बुडाच्या कडेत भरलेला. ती कड चेपली की बार उडतो. सशासाठी रिमफायरमधले तीन प्रकार पुढे येतात.

सबसॉनिक होलो पॉइंट: वेग सेकंदाला ३२० मीटरच्या आसपास. आवाज हवेत ३४० च्या जवळपास धावतो, म्हणजे ही गोळी आवाजाच्या मागे राहते. कडाका होत नाही, बाकीचे ससे उधळत नाहीत. टोकाला खळगा असल्याने ती आत गेल्यावर पसरते. ५० मीटरपर्यंत आमचा कौल हिलाच.

हाय व्हेलॉसिटी: ३८० च्या आसपास सुटते. पण वाटेत वेग कमी होऊन आवाजाच्या वेगाखाली येते आणि तो उंबरठा ओलांडताना डळमळते. डब्यावरचा मोठा आकडा पाहून ही घेणारे पुष्कळ. सेमी-ऑटो रायफलला कधी कधी हीच लागते, एरवी आम्ही सुचवत नाही.

पॉइंट वन-सेव्हन एचएमआर: हे काडतूस वेगळं, रायफलही वेगळी. २००२ साली आलं. १७ ग्रेनची गोळी, वेग ७७५ मीटरच्या पुढे. शंभर मीटरवर आणि त्याहून लांब सरळ जाते, पण आवाज मोठा आणि छोट्या गोळीला वारा ढकलतो. मोकळ्या माळावर ठीक.

घन टोकाची टार्गेट गोळी सशाला वापरू नये, ती आरपार निघून जाते. मात्र सरावाला तिच्यासारखी दुसरी नाही. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य घेतलं, तो प्रकार याच बोअरचा, म्हणजे नळीच्या याच मापाचा. त्या टार्गेटवरचा दहाचा गोल १०.४ मिलिमीटरचा असतो. सशासाठी तेवढी नजर नको, पण ५० मीटरवर पाचच्या पाच गोळ्या रुपयाच्या नाण्यात बसल्या पाहिजेत. बसत नसतील तर ३० मीटरवर जा. तिथेही बसत नसतील तर ससा सोडा, कागदावर या.

कुठल्या कंपनीची घ्यावी, हे आम्हीही दुकानात बसून सांगू शकत नाही. प्रत्येक नळीची आवड वेगळी. एकाच प्रकारच्या गोळीचे दोन लॉट, म्हणजे कारखान्यातून एका वेळी निघालेले गट, हेसुद्धा वेगळे पडतात. म्हणून मोठे नेमबाज लॉट तपासून मग पेट्या उचलतात. चार प्रकारचा एकेक डबा घ्या, टेकण देऊन मारा, ज्याच्या गोळ्या सर्वांत जवळजवळ बसतील तोच लॉट साठवा. प्रकार बदलला की झिरो पुन्हा करा, म्हणजे ठरलेल्या अंतरावर नेम आणि गोळी जुळवून घ्या. ५० मीटरला झिरो केलेली सबसॉनिक १०० मीटरवर जवळजवळ वीतभर खाली उतरते.

आणि मागे काय आहे ते पाहा. पॉइंट टू-टू लहान म्हणून हसू नका, ती दीड-दोन किलोमीटरवरही माणूस जखमी करू शकते. दगडावर किंवा पाण्यावर आपटून उडते. सशाच्या मागे मातीचा बांध नसेल तर चाप दाबायचा नाही.

सगळ्यांसाठी

पॉइंट टू-टू मॅग्नम या मोठ्या काडतुसाच्या रायफलच्या चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसायच्या खोबणीत, लाँग रायफलचं काडतूस सैल बसतं आणि फाटतं. जाईल म्हणून घालू नका. बार उडाला नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट थांबा. आवाज फुसका आला तर पुढची गोळी भरण्याआधी नळी रिकामी आहे का पाहा, आत अडकलेली असू शकते.

आपल्याकडचा पावसाळा काडतुसांचा वैरी. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि कुलूप. शिशावर जो मेणचट थर असतो तो पुसू नका, तो मुद्दाम दिलेला आहे. उन्हात उभ्या गाडीत डबा ठेवलात तर हा थर वितळतो. हाताळल्यावर साबणाने हात धुवा, मगच वडापाव.

खरेदीला मूळ परवाना आणा; फोटो चालत नाही. परवान्यावर जेवढी संख्या तेवढीच मिळेल. परदेशातल्या मुलासाठी इथून काडतुसं विकत घेऊन पाठवता येत नाहीत, त्याने तिथला परवाना काढून तिथेच घ्यावीत. आणि विमानप्रवासाला तीच सॅक नेणार असाल, जी रेंजवर नेता, तर निघण्याआधी सगळे कप्पे उलटे करून झटका. तळाशी विसरलेलं एक काडतूस विमानतळावर सापडलं की गुन्हा दाखल होतो, आणि मग फ्लाइट सोडाच, वकील शोधावा लागतो.