नळीच्या तोंडाचा एक मिलिमीटर

मुंबईत बारा बोअर, म्हणजे छर्ऱ्यांची बंदूक, म्हटलं की बँकेच्या दाराशी स्टुलावर बसलेला रखवालदार आठवतो. पण गिरगाव-लालबागच्या बऱ्याच घरांची आणखी एक बारा बोअर गावी असते. तळकोकणात, शेती संरक्षणाच्या परवान्यावर, रानडुकरांपासून पीक राखायला घेतलेली. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा होते, निकालानंतर घरी येते.

आमच्या आजोबांची विलायती दुनळी मी पहिल्यांदा सुटी करून पुसली, तेव्हा नळ्यांच्या बुडाशी, खालच्या सपाट भागावर बारीक इंग्रजी अक्षरं दिसली: 'नॉट फॉर बॉल'. म्हणजे या नळीतून एकसंध गोळी मारू नये. इंग्लंडच्या तपासणीगृहांनी 1875 ते 1887 या काळात तोंडाशी आवळलेल्या, म्हणजे चोक असलेल्या नळ्यांवर हा शिक्का मारला, पुढे त्याच्या जागी नुसता 'चोक' शब्द आला. काडतूस कोणतं आणि चोक कोणता, हा प्रश्न किती जुना आहे ते मला त्या शिक्क्याने कळलं.

चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी ठेवलेली आवळण. बारा बोअरची नळी आतून साधारण 18.5 मिलिमीटर असते. तोंडाशी ती जेमतेम 1 मिलिमीटरने आवळली की फुल चोक झाला. 0.5 म्हणजे हाफ, 0.25 म्हणजे क्वार्टर, आणि काहीच आवळण नसेल तर सिलिंडर. मोजमापाची जुनी रीत अशी: 40 यार्डांवर 30 इंचांचं वर्तुळ, आणि त्यात काडतुसातले किती छर्रे पडले ते मोजायचे. फुलमधून सुमारे 70 टक्के, सिलिंडरमधून 40.

हा शोध नेमका कोणाचा, यावर पूर्वी बरेच वाद झाले. न्यूकॅसलच्या विल्यम पेपचं पेटंट 1866 चं. अमेरिकेत सिल्वेस्टर रोपरने 1868 मध्ये नळीच्या टोकाला बसवायच्या सुट्या चोकचं पेटंट घेतलं, म्हणजे आज आपण किल्लीने फिरवून बदलतो त्या नळकांड्यांची मूळ कल्पना तेव्हाचीच. इलिनॉयच्या फ्रेड किंबलने सांगितलेली हकीकत मला फार आवडते. नळी कोरताना तोंडाशी थोडा भाग अरुंद राहून गेला, आणि बार काढून बघतो तर छर्रे कधी नव्हे इतके एकत्र पडलेले! लोकांना हे पटवलं मात्र बर्मिंगहॅमच्या डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनरने. 1875 मध्ये लंडनला 'द फील्ड' साप्ताहिकाने चाचण्या घेतल्या, त्यांत चोकच्या बंदुकांनी साध्या नळ्यांना मागे टाकलं.

इथून पुढे जे झालं ते आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. नळी तीच राहिली, काडतूस बदलत गेलं. पूर्वी दारू आणि छर्रे यांच्यामध्ये नमद्याची किंवा पुठ्ठ्याची चकती असे. छर्रे थेट नळीला घासत, चेपत, आणि चेपलेला छर्रा सरळ जात नाही. 1960 च्या दशकात छर्रे धरून ठेवणारा प्लास्टिकचा पेला आला आणि छर्रे गोल राहू लागले. मग त्याच हाफ चोकमधून बार पूर्वीपेक्षा एकवटून पडू लागला. म्हणून आजोबांच्या वेळचं 'लांबच्या सावजाला फुलच हवा' हे वाक्य आजच्या काडतुसाला जसंच्या तसं लावू नये.

पुढचा बदल शिशाऐवजी पोलादाच्या छर्ऱ्यांचा. पाणथळीत पडलेले शिशाचे छर्रे बदकांच्या पोटात जाऊन त्यांना विषबाधा होते, म्हणून अमेरिकेने 1991 पासून देशभर पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिसं बंद केलं. पोलाद चेपत नाही, त्यामुळे मॉडिफाइड म्हणजे हाफ चोकमधूनच बार फुलसारखा घट्ट पडतो, आणि जुन्या फुल चोकच्या तोंडाला पोलाद इजा करू शकतं. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा विषय हळूहळू मिटत गेला, त्यामुळे पोलादाची ही चर्चा आपल्यापर्यंत फारशी पोचली नाही.

खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या 'शक्तिमान' काडतुसांवर एलजी, एसजी, बीबी, 4, 6 असे विलायती वळणाचेच आकार छापलेले दिसतात. एलजीचे मोजकेच मोठे छर्रे फुल चोकमध्ये एकमेकांवर दाबले जातात आणि बरेचदा उलट जास्त विखुरतात. त्यांना मोकळी नळी बरी. बारीक छर्ऱ्यांचं गणित वेगळं. फोर्टमधल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात जुन्या काळचे पक्ष्यांचे नमुने आहेत. सलीम अलींच्या पिढीचे अभ्यासक असे नमुने बंदुकीने मिळवत आणि छोट्या पक्ष्याचं कातडं फाटू नये म्हणून धुळीसारखे बारीक छर्रे वापरत.

आता उरलाय तो खेळ. वरळीच्या रेंजमुळे मुंबईकरांना रायफल-पिस्तूल ओळखीचं, शॉटगन तितकीशी नाही. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये राज्यवर्धनसिंह राठोड यांनी डबल ट्रॅप या शॉटगनच्या प्रकारात रौप्य जिंकलं तेव्हा कुठे हा खेळ घराघरांत पोचला. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत काडतुसात 24 ग्रॅमच छर्रे असतात. ट्रॅपमध्ये मातीची तबकडी नेमबाजापासून दूर पळते, म्हणून आवळ चोक आणि साडेसात नंबरचे छर्रे. स्कीटमध्ये ती जवळून आडवी जाते, म्हणून मोकळा चोक आणि नऊ नंबर. इटालियन नळकांड्यांच्या कडेवर खाचा असतात: एक खाच फुल, तीन हाफ, चार क्वार्टर. खाचा जितक्या जास्त तितकं तोंड मोकळं. नवखा नेमका इथेच फसतो.

आणि खाचेवरही विसंबू नये. चोक आणि काडतूस ठरवलं की रेंजवर मोठा कागद लावून निदान पाचेक बार काढावेत आणि वर्तुळ आखून भोकं मोजावीत. एकाच खोक्यावर एकच नंबर असूनही दोन कंपन्यांची काडतुसं एकाच नळीतून वेगळी पडतात.

आजोबांच्या दुनळीतून आम्ही बार काढत नाही. तिच्या नळ्या काळ्या दारूच्या दाबाला तपासलेल्या आहेत, आजच्या काडतुसाला नाहीत. दसऱ्याला तिची पूजा होते, आणि तेव्हा पोरांना मी तो शिक्का दाखवतो.