झाई

झाई : पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो या देशाच्या अवर्षणप्रवण उत्तर भागात पडीक जमीन लागवडीखाली आणण्याची खड्डापद्धती. ज्वारी-बाजरी ही तीवरील मुख्य पिके. मोसी लोकांच्या मोरे भाषेतील ‘लवकर उठून जमीन तयार करायला घाई करणे’ अशा अर्थाच्या शब्दापासून हे नाव आले, असे सामान्यतः मानतात.

पद्धतीच्या उगमाविषयी एकमत नाही. काही अभ्यासक तिचे मूळ मालीतील डोगोन लोकांत शोधतात. इतरांच्या मते ती उत्तर बुर्किना फासोतील यातेंगा भागातीलच जुनी, पण पाऊसमान बरे असलेल्या दशकांत मागे पडलेली रीत होय. 1968–73 च्या दुष्काळानंतर, 1980 च्या सुमारास, यातेंगातील वाहिगुया शहराच्या परिसरातील शेतकऱ्यांनी खड्डे मोठे केले व त्यांत खत घालण्यास सुरुवात केली. तेथील शेतकरी याकूबा सावादोगो (मृत्यू 2023) यांचे नाव या संदर्भात प्रामुख्याने घेतले जाते. त्यांचे कार्य नव्या शोधापेक्षा सुधारणेचे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

पावसाच्या माऱ्याने वर कठीण खपली धरलेल्या उघड्या जमिनीला ‘झिपेले’ म्हणतात. तिच्यात पाणी मुरत नाही, ते वाहून जाते. उन्हाळ्यात अशा जमिनीत 20 ते 40 सेंमी. रुंद व 10 ते 20 सेंमी. खोल खड्डे खणतात. निघालेली माती उताराच्या खालच्या अंगाला चंद्रकोरीसारखी रचतात. ती वरच्या अंगाला पडली तर पहिल्याच सरीत खड्डा बुजतो. दोन खड्ड्यांत 80 सेंमी. अंतर धरल्यास हेक्टरी सुमारे 15,600 खड्डे होतात. प्रत्येकी 300 ग्रॅम कुजलेले शेणखत म्हटले तरी पावणेपाच टन लागते, आणि खरी अडचण येथेच येते, कारण गुरे नसलेल्याकडे खत नसते. खताच्या वासाने आलेली वाळवी खपलीखाली बिळे पाडते व त्यांतून पाणी खोल मुरते. एरवी शत्रू मानलेला हा कीटक येथे फुकटचा नांगर ठरतो.

कच्चे खत रोपे जाळते. वालुकामय जमिनीत खड्डे ढासळतात, तर अतिवृष्टीच्या वर्षी त्यांत पाणी साचून मुळे कुजतात. चढावरून येणारा लोंढा अडवायला समपातळीवर दगडी बांध घालतात. ऑक्सफॅम या मदतसंस्थेने 1979 मध्ये यातेंगात सुरू केलेला पाणी अडवण्याचा प्रकल्प मुळात झाडांसाठी होता. शेतकऱ्यांनी तो धान्याकडे वळवला. समपातळी काढण्यासाठी पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरत.

1989 मध्ये नायजरमधील इलेला येथील 13 शेतकरी यातेंगात येऊन गेले. त्यानंतर तेथे ही पद्धती ‘टास्सा’ या नावाने पसरली.

शेणातून आलेल्या बियांपासून खड्ड्यांत झाडेही उगवतात. कापणीच्या वेळी ज्वारीची धांडे गुडघाभर उंच ठेवतात. त्यांच्या आडोशाने कोवळी रोपे शेळ्यांपासून वाचतात.