काउंट वाढवणारं इंजेक्शन आणि कॅन्सरची गाठ

केमो घेतल्यावर साधारण सात ते चौदा दिवसांत रुग्णाचे काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींची संख्या, सर्वांत खाली येतात. झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारणं हे केमोचं काम, आणि त्यात गाठीबरोबर रक्तपेशी बनवणारी अस्थिमज्जाही (हाडांतला मगज) भरडली जाते. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी मायक्रोलिटरमागे ५०० च्या खाली गेल्या, की साधा तापही जिवावर बेतू शकतो.

अशा वेळी देतात ते जी-सीएसएफ. मज्जेला ‘पेशी बनव’ असं सांगणारं हे प्रथिन आपलं शरीरही तयार करतं. मेलबर्नच्या डोनाल्ड मेटकाफ यांनी अशा वाढ-घटकांच्या शोधात हयात घालवली. औषध म्हणून जी-सीएसएफला अमेरिकेत १९९१ मध्ये मान्यता मिळाली. इंजेक्शननंतर कंबर, मांड्या ठणकू लागतात. मज्जा कामाला लागल्याची ती खूण. ते केमोनंतर किमान २४ तासांनी टोचतात, कारण नुकत्याच विभागू लागलेल्या कोवळ्या पेशी केमोच्या तडाख्यात सापडायला नकोत.

या आधारामुळे स्तनाच्या कॅन्सरमध्ये दर तीन आठवड्यांनी द्यायची केमो दर दोन आठवड्यांनी देता आली, आणि आजार उलटण्याचं प्रमाण घटलं.

पण मला सर्वांत मोलाचं वाटतं ते एरिथ्रोपोएटिन या तांबड्या पेशी वाढवणाऱ्या औषधाचं प्रकरण. तर्क बिनतोड होता: ऑक्सिजन कमी असलेली गाठ रेडिएशनला दाद देत नाही, मग तांबड्या पेशी वाढवा, हिमोग्लोबिन चढवा, गाठ नमेल. डोक्या-मानेच्या कॅन्सरवरच्या चाचणीचे निकाल २००३ मध्ये आले ते नेमके उलटे. हिमोग्लोबिन चढलं, पण नकली औषधाऐवजी खरं औषध मिळालेल्यांमध्येच आजार जास्त बळावला. स्तनाच्या कॅन्सरवरची एक चाचणी जास्त मृत्यूंमुळे मध्येच थांबवावी लागली. शिवाय रक्ताच्या गुठळ्यांचा धोका होताच. २००७ मध्ये अमेरिकेत या औषधांवर ठळक इशारा छापला गेला. कॅन्सर पूर्ण बरा करण्यासाठी केमो चालू असेल, तर ही औषधं तिथे वापरत नाहीत.

काही गाठी तर स्वतःच जी-सीएसएफ सोडतात. जंतुसंसर्ग नसताना पांढऱ्या पेशी भरमसाठ वाढतात, आणि त्यातल्या अर्धवट वाढलेल्या पेशी गाठीवर चालून जाणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींना रोखून धरतात.

त्याच कुळातलं जीएम-सीएसएफ मात्र गाठीविरुद्ध वापरता आलं. त्याचं जनुक घातलेला, दुबळा केलेला हर्पीस विषाणू मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरच्या गाठीत थेट टोचतात. तो गाठीच्या पेशी फोडतो आणि जीएम-सीएसएफ प्रतिकारशक्तीच्या पेशींना तिथे बोलावून घेतं. २०१५ पासून हा उपचार मान्य आहे.