स्क्लेरल लेन्स: एका नावाचा घोळ आणि त्यामागची पार्श्वभूमी

केरॅटोकोनस (कॉर्निया, म्हणजे डोळ्याच्या समोरचा पारदर्शक भाग, शंकूसारखा पुढे येण्याचा आजार) असलेल्या माणसाला किंवा डोळे कमालीचे कोरडे पडणाऱ्या रुग्णाला 'स्क्लेरल लेन्स लावून बघू' असे सांगितले जाते, तेव्हा तो घरी येऊन हे नाव मोबाइलवर शोधतो. समोर येतात त्या सिनेमा-नाटकात भूत दिसण्यासाठी वापरतात तसल्या, अख्खा डोळा काळाकुट्ट करणाऱ्या लेन्स. नाव तेच, वस्तू भलतीच; उपचारासाठीची स्क्लेरल म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी, कडक, पारदर्शक लेन्स. घाबरून उपचार पुढे ढकलणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण या नावाचा गुंता तज्ज्ञांनाही बरीच वर्षे सुटलेला नव्हता.

आरंभीचा इतिहास थोडक्यात. 1887-88 च्या आसपास जर्मनी, स्वित्झर्लंड आणि फ्रान्समध्ये जवळपास एकाच वेळी काचेची भिंगे थेट डोळ्यावर बसवून पाहिली गेली. वेड्यावाकड्या कॉर्नियावर उपाय शोधणे हा तेव्हाही एक हेतू होताच. एका संशोधकाने स्वतःच्या डोळ्यात कोकेनचे थेंब घालूनही त्याला ती लेन्स जेमतेम अर्धा तास सोसवली. 1930 च्या दशकात काचेच्या जागी प्लास्टिक आले, पण त्यातूनही प्राणवायू आत जात नव्हता आणि काही तासांत कॉर्निया सुजून नजर धुरकट होई. 1948 मध्ये फक्त कॉर्नियावर मावणारी छोटी लेन्स आली, 1971 मध्ये मऊ लेन्सना अमेरिकेत परवानगी मिळाली आणि मोठ्या लेन्स अडगळीत गेल्या. प्राणवायू आरपार जाऊ देणाऱ्या कडक प्लास्टिकची मोठी लेन्स 1983 मध्ये पहिल्यांदा शोधनिबंधातून मांडली गेली, अशीच एक लेन्स 1994 मध्ये अमेरिकेत अधिकृतपणे मंजूर झाली. आज आपण जिला स्क्लेरल म्हणतो तिचा खरा जन्म तेव्हाचा.

आता मूळ मुद्दा, म्हणजे नाव. जुन्या पुस्तकांत या लेन्सला 'हॅप्टिक' म्हणत, आणि पांढऱ्या भागावर टेकणाऱ्या कडेला आजही हॅप्टिकच म्हणतात. नंतर लेन्स व्यासावरून ओळखण्याची पद्धत रुळली. 18 मिमीच्या वर 'फुल स्क्लेरल', 15 ते 18 मध्ये 'मिनी', त्याखाली 'सेमी' आणि 'कॉर्निओ-स्क्लेरल'. पण या सीमारेषा जो तो आपापल्या परीने आखत होता. एकाची मिनी ती दुसऱ्याची सेमी. रुग्णाने डॉक्टर बदलला की जुन्या कागदावरच्या शब्दावरून लेन्स डोळ्यात नेमकी कुठे टेकत होती, हे नव्या डॉक्टरला कळायला मार्ग नसे.

2013 च्या सुमारास पारिभाषिक शब्द नव्याने ठरवले गेले आणि व्यासाऐवजी 'लेन्स टेकते कुठे' हा निकष आला. फक्त कॉर्नियावर टेकली तर कॉर्नियल, थोडी कॉर्नियावर आणि थोडी पांढऱ्या भागावर टेकली तर कॉर्निओ-स्क्लेरल, कॉर्नियाला अजिबात न शिवता सगळा भार पांढऱ्या भागावर असेल तरच स्क्लेरल. स्क्लेरलमध्येही मिनी की मोठी, हे त्या माणसाच्या डोळ्यावरून ठरते: समोरून दिसणाऱ्या बुबुळाच्या रुंदीपेक्षा 6 मिमीपर्यंत जास्त ती मिनी, त्याहून जास्त ती मोठी. म्हणजे 18 मिमीची एकच लेन्स 11 मिमीच्या बुबुळावर मोठी ठरते आणि 12.5 मिमीच्या बुबुळावर मिनी. काहींना हा उगाच वाढवलेला गोंधळ वाटला, माझ्या मते मात्र हाच निर्णय बरोबर होता. डोळा प्रत्येकाचा वेगळा असताना लेन्सचे नाव पट्टीवर मोजून ठरवणे हीच मुळात चूक होती. तरीही आजसुद्धा बोलताना सर्रास 'सोळाची मिनी' असेच म्हटले जाते.

त्यातही 'स्क्लेरल' हा शब्द तंतोतंत खरा नाहीच. स्क्लेरा म्हणजे डोळ्याचा पांढरा भाग, पण लेन्स स्क्लेराला शिवत नाही, त्यावरच्या मऊ आवरणावर, कंजंक्टायव्हावर बसते. गादीवर जड वस्तू ठेवल्यावर ती हळूहळू रुतावी तशी ही लेन्स काही तासांत खाली रुतते. सकाळी कॉर्निया आणि लेन्समध्ये सुमारे 300 मायक्रॉनचे (0.3 मिमी) अंतर असेल तर संध्याकाळी ते बरेच कमी झालेले असते. म्हणून लावल्या लावल्या केलेली तपासणी पुरेशी नसते, चार-सहा तासांनी पुन्हा बघावे लागते.

हे अंतर म्हणजे नुसती पोकळी नसते, तिथे पाणी, म्हणजे सलाईन, असते. लेन्स लावायची रीतच तशी: मान पूर्ण खाली, चेहरा टेबलाला समांतर, छोट्या रबरी दांड्यावर वाटीसारखी उपडी नव्हे तर उताणी धरलेली लेन्स, आणि तिच्यात काठोकाठ प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले सलाईन. एक बुडबुडा राहिला तरी काढून पुन्हा पहिल्यापासून. हेच पाणी कॉर्नियाचे उंचसखल भाग भरून काढते, म्हणून चष्म्याने न मिळणारी नजर मिळते. कोरड्या डोळ्यांत तेच पाणी दिवसभर कॉर्निया ओला ठेवते. स्योग्रेन किंवा स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोमच्या (डोळे कमालीचे कोरडे करणारे आजार) रुग्णांना पापण्या मिटतानाची ती वाळू घासल्यासारखी वेदना थांबणे म्हणजे काय, हे त्यांनाच विचारावे.

मात्र पाण्याच्या थराची जाडीच पुढच्या वादाचे कारण ठरली. 2012 मधल्या एका गणिती मांडणीनुसार लेन्स जाड आणि पाण्याचा थर खोल असेल तर कॉर्नियाला प्राणवायू कमी पडतो. प्रत्यक्षात निरोगी कॉर्नियाला येणारी सूज रात्रभर झोपेत येते त्याहूनही कमी आढळली. पण रोपण केलेल्या, आतल्या पेशी कमी उरलेल्या कॉर्नियाच्या बाबतीत ती भीती खोटी नाही, आणि तिथे पाण्याचा थर शक्य तितका पातळ ठेवला जातो. 2017 च्या आंतरराष्ट्रीय अहवालाने कोरड्या डोळ्यांच्या उपचारांत या लेन्सला तिसऱ्या पायरीवर ठेवले. रुग्ण तिथवर पोहोचेपर्यंत अनेकदा कॉर्नियावर व्रण पडलेले असतात, आणि दुपारी पाणी गढूळ झाले की लेन्स काढून, धुऊन, नवे सलाईन भरून पुन्हा लावणे हा त्यांच्या दिवसाचा भाग होतो.