प्लाटून आणि आलटापालट: डावखुऱ्या-उजव्या हिटरांबद्दलचे दोन वेगळे निर्णय

बेसबॉलच्या लाइनअपमध्ये (खेळणाऱ्या नऊ जणांच्या क्रमवार यादीत) डावखुऱ्या आणि उजव्या हिटरांचा, म्हणजे फलंदाजांचा, मेळ घालायचा म्हटलं की दोन गोष्टींची हमखास गल्लत होते. एक म्हणजे प्लाटून. यात एका जागेसाठी दोन खेळाडू ठेवतात. समोर उजवा पिचर (चेंडू फेकणारा) असला की डावखुरा हिटर उतरतो आणि डावखुरा पिचर असला की उजवा. दुसरी आलटापालट, म्हणजे निवडलेल्या नऊ जणांचा क्रम असा लावणं की डावखुरे एकमेकांना चिकटून येऊ नयेत. प्लाटूनमध्ये कोण खेळणार हे ठरतं, आलटापालटीत कोण कितवा येणार ते. प्लाटून प्रतिस्पर्ध्याच्या स्टार्टरकडे, म्हणजे सामना सुरू करणाऱ्या पिचरकडे, बघून करतात. आलटापालटीचा उपयोग होतो तो सहाव्या-सातव्या इनिंगनंतर, बुलपेनमधून (राखीव पिचरांच्या ताफ्यातून) पिचर येऊ लागल्यावर.

दोन्हींच्या मुळाशी कारण एकच आहे. उजव्या पिचरचा स्लायडर हा वळणारा चेंडू उजव्या हिटरपासून दूर जातो आणि त्याला जणू पाठीमागून आल्यासारखा वाटतो. डावखुऱ्या हिटरला तोच चेंडू हातातून सुटल्यापासून नीट दिसतो आणि आत येतो. म्हणून विरुद्ध हाताच्या पिचरसमोर हिटर सरासरीने सरस खेळतात. हा फरक डावखुऱ्या हिटरांमध्ये जास्त असतो. पिचर बहुसंख्येने उजवे असल्यामुळे उजव्या हिटरला उजव्या पिचरची लहानपणापासून सवय होते, पण डावखुऱ्या हिटरला डावखुरा पिचर क्वचितच भेटतो. लाइनअप लावताना खरी काळजी डावखुऱ्यांचीच घ्यायची ती यामुळे. चार उजवे हिटर सलग आले तरी सहसा काही बिघडत नाही.

प्लाटून जुना आहे. 1914 साली बोस्टन ब्रेव्ह्जचे मॅनेजर (मुख्य प्रशिक्षक) जॉर्ज स्टॅलिंग्जनी आउटफील्डच्या जागा अशाच वाटून दिल्या. जुलैत तळाला असलेल्या त्या संघाने पुढे वर्ल्ड सीरिज (मोसमाची अंतिम मालिका) 4-0 अशी जिंकली. 1982 मध्ये बाल्टिमोरला अर्ल वीव्हर यांच्या संघात लेफ्ट फील्ड वाटून घेणाऱ्या जॉन लोवेन्स्टीन (डावखुरा) आणि गॅरी रोनिकी (उजवा) यांनी त्या मोसमात अनुक्रमे 24 आणि 21 होमरन मारले. वाटणी मात्र समसमान नसते: स्टार्टर बहुतेक उजवे असल्यामुळे डावखुऱ्या भागीदाराला बरेच जास्त सामने मिळतात.

याची किंमत बेंचवर मोजावी लागते. मेजर लीगमध्ये (अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगमध्ये) 26 जणांचा संघ आणि त्यात जास्तीत जास्त 13 पिचर. पूर्ण 13 पिचर घेतले तर हिटर उरतात 13. डेझिग्नेटेड हिटर (पिचरऐवजी फक्त फलंदाजी करणारा) धरून नऊ जण उतरले की बेंचवर चार, त्यातला एक राखीव कॅचर. म्हणजे हाताशी तिघेच. त्यात दोनपेक्षा जास्त प्लाटून चालवले तर दुखापतीला आणि पिंच-हिटिंगला (ऐन वेळी बदली हिटर उतरवायला) माणूसच राहत नाही. बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही, हेही विसरू नये.

प्लाटूनला चकवताही येतं. 1924 च्या वर्ल्ड सीरिजच्या सातव्या सामन्यात वॉशिंग्टनने उजव्या कर्ली ऑग्डेनला स्टार्टर केलं. त्याला पाहून न्यूयॉर्क जायंट्सनी डावखुऱ्या बिल टेरीला उतरवलं. दोन हिटर होताच ऑग्डेनच्या जागी डावखुरा जॉर्ज मोग्रिज आला. पुढे टेरीसाठी पिंच-हिटर पाठवावा लागला आणि वॉशिंग्टनने 12 इनिंगमध्ये 4-3 असा सामना जिंकला.

आलटापालटीचं मोल 2020 पासून वाढलं. त्या वर्षी नियम आला की पिचरने किमान तीन हिटरना सामोरं जावं किंवा ती अर्धी इनिंग संपवावी. दुखापत किंवा आजारपण असेल तरच सूट. त्याआधी एकाच डावखुऱ्या हिटरसाठी डावखुरा रिलीव्हर (सामन्यात मध्येच येणारा पिचर) आणून लगेच काढता येई. आता डावा-उजवा-डावा असा क्रम असला तर त्याला मधल्या उजव्यालाही सामोरं जावं लागतं. तीन डावखुरे सलग ठेवले तर नियमाचा अडथळाच उरत नाही. एक पळवाट आहे: दोन बाद असताना आलेल्या रिलीव्हरने पहिल्याच हिटरला बाद केलं की इनिंग संपते आणि पुढच्या इनिंगला त्याला बदलता येतं.

25 ऑक्टोबर 2024, वर्ल्ड सीरिजचा पहिला सामना, दहावी इनिंग. डॉजर्सचे पहिले तिघे: ओहतानी डावखुरा, बेट्स उजवा, फ्रीमन डावखुरा. एक गडी बाद, दोन रनर बेसवर. 3-2 ने पुढे असलेल्या यांकीजनी डावखुऱ्या नेस्टर कोर्टेसला आणलं. ओहतानी फाउल फ्लायवर बाद झाला, पण रनर दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर सरकले. बेट्सला टाळायला यांकीजनी त्याला मुद्दाम वॉक दिला, म्हणजे न खेळवताच पहिल्या बेसवर जाऊ दिलं, आणि तिन्ही बेस भरले. फ्रीमनने पहिल्याच चेंडूवर ग्रँड स्लॅम (भरलेल्या बेसवरचा चार धावांचा होमरन) मारला आणि डॉजर्स 6-3 ने जिंकले. डावखुऱ्यासमोर डावखुरा ही जोडी यांकीजना मिळाली खरी, पण मध्ये बेट्स असल्याने ती भरलेल्या बेसच्या भावात पडली.

क्रिकेटमधल्या डाव्या-उजव्या जोडीचा तर्क इथे लावू नये. तिथे एक धाव निघाली की गोलंदाजाला दिशा आणि क्षेत्ररचना बदलावी लागते. बेसबॉलमध्ये आलटापालट अडवते ती पिचर बदलणाऱ्या मॅनेजरला.

लाइनअप लिहिताना आधी स्टार्टरचा हात बघून नऊ जण निवडावेत. मग सर्वोत्तम तिघांना पहिला, दुसरा आणि चौथा क्रमांक द्यावा. त्यानंतरच डावखुरे कुठे चिकटले आहेत ते पाहावं आणि बरोबरीच्या ताकदीच्या दोघांचीच अदलाबदल करावी. डावखुऱ्यांची साखळी तोडायला कमकुवत उजव्याला सातव्यावरून दुसऱ्यावर आणणं चुकीचं आहे. क्रमात एक पायरी खाली म्हणजे 162 सामन्यांत प्लेटवर येण्याच्या साधारण 15 ते 20 संधी कमी. म्हणजे पाच पायऱ्यांत जवळपास शंभर संधी चांगल्या हिटरकडून काढून घेतल्या जातात. समोरच्या बुलपेनमध्ये चांगला डावखुरा रिलीव्हरच नसेल, तर दोन डावखुरे शेजारी खुशाल ठेवावेत.

दोन्हीकडून खेळणारा स्विच-हिटर प्लाटूनचीही गरज भागवतो आणि साखळीही तोडतो. मात्र दोन डावखुऱ्यांच्या मधोमध त्याला ठेवण्याआधी त्याची उजवीकडची कामगिरी तपासावी, कारण डावखुरा रिलीव्हर आला की त्याला तिथूनच खेळावं लागेल. पुष्कळ स्विच-हिटरांची एक बाजू बरीच कमकुवत असते. ती उजवी असली, तर प्रतिस्पर्धी मॅनेजर निर्धास्तपणे डावखुऱ्याला बोलावतो.