दिजोंमधील खाद्यभ्रमंती

दिजोंमधील खाद्यभ्रमंती : फ्रान्सच्या पूर्व भागातील बर्गंडी प्रदेशाची जुनी राजधानी असलेल्या दिजों या शहरात मार्गदर्शकाबरोबर पायी फिरत स्थानिक खाद्यपदार्थांची व वाइनची चव घेण्याची पद्धत. साधारणपणे दोन ते चार तासांच्या या फेरीत मोहरीचे दुकान, मसाल्याच्या पोळ्यांची पेढी, झाकलेला बाजार आणि एखादे तळघर असे थांबे येतात व थांब्यांच्या दरम्यान शहराचा इतिहास सांगितला जातो. लीओं, बॉर्दो, स्त्रासबूर अशा शहरांतही हा प्रकार रूढ आहे. तथापि दिजोंमध्ये मध्ययुगीन गावठाण, पदार्थांचे उत्पादक आणि द्राक्षमळे एकमेकांना इतके लागून आहेत की, चाखलेल्या जवळजवळ प्रत्येक पदार्थाचे मूळ चालत जाण्याच्या अंतरावर दाखवता येते, निदान तसा दावा करता येतो. हे दावे कितपत टिकतात, हा या नोंदीचा मुख्य विषय आहे.

फेरीची सुरुवात बहुधा ड्यूकांच्या राजवाड्यासमोरील अर्धवर्तुळाकार प्लास द ला लिबेरास्यों या चौकात होते. १३६३ ते १४७७ या काळात व्हाल्वा घराण्यातील चार ड्यूकांनी येथून बर्गंडीचा आणि पुढे फ्लँडर्ससह मोठ्या मुलखाचा कारभार पाहिला. राजवाड्यातील स्वयंपाकघर १४३० च्या दशकात बांधले गेले असावे. त्यातील सहा चुलाण्यांचा धूर मध्यभागी छताच्या कळसाकडे ओढला जाई. शहराच्या खाद्यपरंपरेचा उगम थेट या ड्यूकांच्या पंगतीत शोधण्याचा मोह मार्गदर्शकांना होतो, आणि जुन्या लेखकांनाही तो आवरलेला दिसत नाही. प्रत्यक्षात आज फेरीत चाखल्या जाणाऱ्या पदार्थांपैकी बहुतेकांना त्यांचे सध्याचे रूप अठराव्या ते विसाव्या शतकांदरम्यान व्यापारी पेढ्यांनी आणि नगरपालिकेने दिले आहे.

मोहरी : दिजोंची मोहरी म्हणजे काळ्या किंवा तपकिरी मोहरीचे दाणे आंबट द्रवात भिजवून, वाटून, त्यांची टरफले बहुतांशी गाळून काढून केलेली फिकट पिवळी, दाट व झणझणीत चटणी. आज वापरात असलेली तपकिरी मोहरी ही ब्रासिका जुन्सिया या जातीची, म्हणजे महाराष्ट्रात फोडणीला पडते त्याच जातीची आहे. फरक कृतीचा आहे. अखंड दाण्यात सिनिग्रिन हे संयुग आणि मायरोसिनेज हे विकर वेगवेगळ्या पेशींत असतात. दाणा फुटून त्याला पाणी लागले की दोन्ही एकत्र येतात आणि नाकात झिणझिण्या आणणारे अलिल आयसोथायोसायनेट तयार होते. तापलेल्या तेलात विकर निकामी होते, म्हणून फोडणीतली मोहरी खमंग लागते पण नाकाला झोंबत नाही. लोणच्यासाठी किंवा रायत्यासाठी आपल्याकडे मोहरी पाण्यात फेसतात, तेव्हा जी क्रिया घडते तीच दिजोंच्या कारखान्यात घडते. फक्त तेथे पाण्याच्या जोडीला व्हिनेगर, पांढरी वाइन किंवा कच्च्या द्राक्षांचा रस असतो आणि त्यातील आम्लामुळे तिखटपणा अधिक काळ टिकतो. वाटताना पेस्ट तापू न देणे ही या धंद्यातली मुख्य खुबी होय. दगडी जात्याचा अभिमान बाळगणाऱ्या पेढ्या याच कारणासाठी जाते संथ फिरवतात.

व्हिनेगरऐवजी कच्च्या द्राक्षांचा रस घालण्याचे श्रेय दिजोंच्या ज्यां नेजों याला दिले जाते. या बदलाचे साल काही ग्रंथांत १७५२, तर काहींत १८५६ असे येते. शंभर वर्षांची ही तफावत निव्वळ छपाईच्या चुकीने आली असे मानणे अवघड आहे. मध्ययुगीन फ्रेंच स्वयंपाकात असा आंबट द्राक्षरस सर्रास वापरला जाई, हे लक्षात घेता नेजोंने नवा शोध लावला असे म्हणण्यापेक्षा जुनी रीत धंद्यात पक्की केली असे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते. शहरातील व्हिनेगर व मोहरी करणाऱ्यांच्या संघाचे नियम सतराव्या शतकातील आहेत, त्यामुळे धंद्याचे जुनेपण वादातीत आहे.

‘दिजोंची मोहरी’ हे नाव कृतीचे आहे, ठिकाणाचे नव्हे. १९३७ मध्ये फ्रेंच सरकारने तिची व्याख्या कृतीच्या आधारे ठरवली. परिणामी ती जगात कोठेही करता येते. दुसऱ्या महायुद्धानंतर बर्गंडीतील शेतकरी अन्य पिकांकडे वळले आणि दाणे प्रामुख्याने कॅनडातून येऊ लागले. २०२१ च्या उन्हाळ्यात कॅनडात पडलेल्या अवर्षणामुळे २०२२ मध्ये फ्रान्समधील दुकानांत मोहरीचा खडखडाट झाला, तेव्हा ही बाब सर्वसामान्य फ्रेंच ग्राहकालाही कळून चुकली. शहरातील मोठा कारखाना २००९ मध्ये बंद झाला होता. स्थानिक दाणे व बर्गंडीची पांढरी वाइन वापरून केलेल्या ‘बर्गंडी मोहरी’ला मात्र २००९ मध्येच भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण मिळाले. र्यू द ला लिबेर्ते या रस्त्यावरील माय्य पेढीचे १८४५ पासूनचे दुकान आणि बोन या गावातील फालो पेढीचे (स्थापना १८४०) घुबडाच्या गल्लीतील दुकान हे फेरीतील नेहमीचे थांबे आहेत. चव घेताना ‘दिजोंची मोहरी’ व ‘बर्गंडी मोहरी’ यांमधील भेद दुकानदाराला अवश्य विचारावा. शोभेच्या बरणीपेक्षा त्या उत्तरातून बरेच काही कळते.

मसाल्याची पोळी : ‘पें देपीस’ हा मध, गव्हाचे पीठ व मसाले यांचा केकसारखा पदार्थ होय. चीनमधील मधाची भाकरी मंगोल घोडेस्वारांमार्फत पश्चिमेकडे आली, अरबांकडून ती धर्मयुद्धातल्या योद्ध्यांनी घेतली आणि १३६९ मध्ये ड्यूक फिलिपशी विवाह झालेल्या फ्लँडर्सच्या मार्गारेटने ती दिजोंला आणली, अशी सलग साखळी अनेक पुस्तिकांत दिलेली असते. या साखळीची प्रत्येक कडी स्वतंत्रपणे शक्य कोटीतील आहे, पण त्या एकमेकींत गुंफणारा पुरावा दुर्बल आहे. ड्यूकांच्या दरबारात मध व पीठ यांचा ‘ब्वाशे’ नावाचा पदार्थ आवडीने खाल्ला जाई, एवढे मान्य व्हावे. व्यवसाय म्हणून ही पोळी दिजोंमध्ये दिसते ती अठराव्या शतकाच्या आरंभापासून, आणि तीही शाँपान्य प्रांतातून आलेल्या कारागिरांच्या हातून; त्यामुळे त्या प्रांतातील रेंस या शहराकडून आलेला वारसा अधिक संभाव्य मानावा लागतो. रेंसच्या पोळीत राय (rye) या धान्याचे, तर दिजोंच्या पोळीत गव्हाचे पीठ असते. मध व पीठ यांचा मूळ गोळा कित्येक दिवस मुरवत ठेवतात व मसाले नंतर घालतात. १७९६ पर्यंत मूळ सांगणाऱ्या म्यूलो ए पतिजाँ या पेढीचे प्लास बॉस्युए येथील लाकडी चौकटीचे घर प्रसिद्ध आहे. तेथे मिळणाऱ्या ‘नॉनेत’ या छोट्या गोल पोळ्यांच्या पोटात मुरंबा असतो.

कासिस आणि कीर : कासिस या काळ्या आंबटगोड बेरीपासून केलेले दाट लिकर १८४१ पासून दिजोंमध्ये व्यापारी प्रमाणावर तयार होते. बेऱ्या मद्यार्कात मुरवून नंतर साखर घालतात. लिटरमागे किमान ४०० ग्रॅम साखर असल्याशिवाय त्याला ‘क्रेम द कासिस’ म्हणता येत नाही. हे लिकर व अलिगोते द्राक्षाची आंबटसर पांढरी वाइन यांच्या मिश्रणाला कीर म्हणतात. हे नाव १९४५ ते १९६८ या काळात शहराचे महापौर असलेले धर्मगुरू फेलिक्स कीर यांच्यावरून पडले. जर्मन सैन्याने तांबडी वाइन पळवल्यामुळे पांढऱ्या वाइनला लाल रंग देण्यासाठी कीर यांनी हे पेय काढले, ही कथा फेरीत हमखास ऐकू येते. ती स्वीकारता येत नाही. पांढरी वाइन व कासिस यांचे मिश्रण बर्गंडीच्या कॅफेंत त्यांच्या कितीतरी आधीपासून प्यायले जात होते. कीर यांनी ते नगरपालिकेच्या स्वागतसमारंभांत पाहुण्यांना देण्याचा परिपाठ ठेवला आणि १९५० च्या दशकाच्या आरंभी लजे-लागूत या उत्पादकास आपले नाव वापरण्याची परवानगी दिली. पुढे ती दुसऱ्या उत्पादकासही दिल्याने प्रकरण न्यायालयात गेले व १९९२ मध्ये पहिल्या पेढीच्या बाजूने निकाल लागला.

याच लिकरमुळे युरोपीय कायद्यातील एक मूलभूत तत्त्व प्रस्थापित झाले. जर्मनीत फळांच्या लिकरमध्ये किमान २५ टक्के मद्यार्क असण्याची अट होती. कासिसमध्ये तो १५ ते २० टक्के असल्याने त्याची आयात रोखण्यात आली. २० फेब्रुवारी १९७९ रोजी युरोपीय न्यायालयाने ही अट व्यापाराला अडथळा ठरवली. एका सदस्य देशात कायदेशीरपणे विकला जाणारा माल दुसऱ्या देशातही सामान्यतः विकता आला पाहिजे, असे त्याचे सार सांगितले जाते. कायद्याचे विद्यार्थी दिजोंचे नाव प्रथम ऐकतात ते बहुधा या निकालात, आणि फेरीत त्याचा उल्लेख क्वचितच होतो ही खेदाची गोष्ट आहे.

वाइन : ड्यूक फिलिपने १३९५ मध्ये हुकूम काढून गामे जातीची द्राक्षे उपटून टाकण्याचे फर्मान सोडले व पिनोला उत्तेजन दिले. दर्जाची काळजी हे त्यामागचे कारण हुकुमातच नमूद असले, तरी व्यापारातील पत आणि महसूल हेही हेतू असावेत, असे मानण्याकडे अलीकडच्या अभ्यासकांचा कल दिसतो. हुकुमाची अंमलबजावणी अर्धवटच झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फिलॉक्सेरा या किडीने आणि त्यानंतर शहराच्या वाढीने दिजोंलगतचे मळे बरेच गिळले. फेरीत मिळणारा तांबड्या वाइनचा पेला म्हणूनच बहुधा शेजारच्या मार्सने किंवा फिक्सें या गावांचा असतो. १९८७ मध्ये स्वतंत्र मान्यता मिळालेल्या मार्सनेत तांबडी, पांढरी व गुलाबी अशा तिन्ही वाइन त्याच नावाने विकता येतात. बर्गंडीतील अन्य गावांना ही मुभा नाही. २०१५ मध्ये बर्गंडीच्या ‘क्लिमा’ म्हणजे सीमांकित मळ्यांना (एकूण १,२४७) जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा दिजोंचे गावठाणही त्यात समाविष्ट झाले.

बाजार व अन्य थांबे : लोखंड व काच यांचा मंडप असलेला आल हा बाजार १८७३–७५ मध्ये पूर्वीच्या धर्ममठाच्या जागी उभा राहिला. तो गुस्ताव्ह आयफेलने बांधला, असे अनेकदा लिहिले जाते. आयफेल दिजोंमध्ये १८३२ साली जन्मला, हे खरे. त्याने आराखडा सादर केला होता, असेही म्हणतात. बांधकाम मात्र नगरपालिकेचा अधिकारी क्लेमां व्हाइनबेर्गर याच्या योजनेनुसार झाले. मंगळवार, गुरुवार, शुक्रवार व शनिवारी सकाळी बाजार भरतो. येथे अजमोदा घातलेल्या जेलीतले डुकराचे मांस, गूजेर हे चीज घालून भाजलेले फुगीर गोळे आणि मार या द्राक्षमद्याने धुऊन पिकवलेले एप्वास चीज चाखायला मिळते. एप्वासची साल नारिंगी व चिकट असते, आत ते चमच्याने उचलावे इतके मऊ होते, आणि त्याच्या उग्र वासामुळे मार्गदर्शक ते शेवटी ठेवतात. गोगलगायींना बर्गंडीचे नाव असले तरी पुष्कळशा पूर्व युरोपातून येतात. नोत्र-दाम चर्चच्या बाजूस कोरलेल्या छोट्या घुबडावरून डावा हात फिरवण्याची प्रथा मार्गात पाळली जाते.

संघटन : गास्तों जेरार या महापौराने १९२१ मध्ये दिजोंत खाद्यजत्रा सुरू केली, पुढे तो सरकारात पर्यटनाचे खाते सांभाळणारा पहिला राजकारणी झाला. चीज, मोहरी व पांढऱ्या वाइनच्या रश्शातील कोंबडीला त्याचेच नाव आहे. शहराची खाद्यकीर्ती हा नगरपालिकेचा कार्यक्रम बनला तो येथून, आणि आजच्या फेरीची खरी पूर्वपीठिका राजवाड्यापेक्षा या जत्रेत शोधणे योग्य ठरेल. मे २०२२ मध्ये १२०४ साली स्थापन झालेल्या जुन्या रुग्णालयाच्या आवारात खाद्य व वाइन यांचे आंतरराष्ट्रीय केंद्र उघडले. मळ्यांतून दक्षिणेकडे जाणाऱ्या ‘ग्रां क्र्यू’ मार्गाचा आरंभही तेथेच दाखवला जातो. फ्रान्समध्ये संग्रहालयांत व ऐतिहासिक वास्तूंत व्यावसायिक फेरीचे निरूपण करण्यासाठी शासनमान्य मार्गदर्शकपत्र लागते, रस्त्यावर व दुकानांत ते लागत नाही. फेऱ्यांच्या दर्जात आढळणारा फरक काही अंशी यामुळे आहे. अठरा वर्षांखालील व्यक्तींना मद्य विकणे किंवा सार्वजनिक ठिकाणी फुकट देणे २००९ पासून निषिद्ध असल्याने त्यांना द्राक्षरस देतात.