पार्श्वभूमी : अमेरिकेची मध्यावधी निवडणूक आणि उजव्या प्रचारतज्ज्ञांची नव्वद वर्षे

अमेरिकेत ३ नोव्हेंबर २०२६ ही मध्यावधी निवडणुकीची तारीख आहे. आपल्याकडे सभागृह मुदतीआधी बरखास्त झाले की मध्यावधी लागते. तिथली मध्यावधी मात्र ठरल्या दिवशीच येते, अध्यक्षांच्या चार वर्षांच्या बरोबर मध्यावर. प्रतिनिधिगृहाच्या सगळ्या ४३५ जागा, सिनेटच्या शंभरपैकी सुमारे एक तृतीयांश आणि ३६ राज्यांची गव्हर्नरपदे त्या दिवशी पणाला लागतात. अध्यक्ष स्वतः उमेदवार नसतात, तरी कौल बहुतेक त्यांच्याबद्दलच असतो आणि तो बहुतेक विरोधातच जातो. अध्यक्षांच्या पक्षाने मध्यावधीत प्रतिनिधिगृहातल्या जागा वाढवल्या, असे गेल्या शंभर वर्षांत तीनदाच घडले : १९३४, १९९८ आणि २००२.

दुसरा मुद्दा मतदानाच्या टक्क्याचा. अध्यक्षीय निवडणुकीला साठ टक्क्यांच्या आसपास लोक मत देतात, मध्यावधीला अनेकदा चाळीसच. २०१४मध्ये तर हा आकडा ३६ टक्क्यांवर आला होता. इतके लोक घरी बसतात तेव्हा कुंपणावरच्या मतदाराचे मन वळवण्यापेक्षा आपल्याच मतदाराला चिडवून बाहेर काढणे स्वस्त पडते आणि फळही लवकर देते. रिपब्लिकन पक्षासाठी काम करणाऱ्या व्यावसायिक सल्लागारांनी हे सूत्र फार लवकर ओळखले आणि सर्वांत चिकाटीने वापरले. अमेरिकी प्रचाराचा इतिहास सहसा अध्यक्षांच्या नावांनी सांगितला जातो. पण या धंद्याची बहुतेक हत्यारे घडली ती मध्यावधीच्या वर्षांत, आणि म्हणून तो इतिहास इथून पाहायला हवा, असे मला वाटते.

सुरुवात कॅलिफोर्नियात होते. १९३३मध्ये क्लेम व्हिटेकर आणि लिओन बॅक्स्टर यांनी ‘कॅम्पेन्स इंक.’ नावाची कंपनी काढली. निवडणूक लढवून देणे हाच जिचा व्यवसाय, अशी ही पहिली कंपनी मानली जाते. व्हिटेकर मूळचे पत्रकार. पुढे दोघांनी लग्न केले. तोवर प्रचार पक्षाचे स्थानिक पुढारी चालवत. कामे, नोकऱ्या, उपकार आणि ओळखी यांवर मते जमत. कॅलिफोर्नियात सुधारणावाद्यांनी पक्षांची ही पकड आधीच ढिली केली होती, आणि त्या मोकळ्या जागेत ही कंपनी उभी राहिली.

१९३४मध्ये मंदीने होरपळलेल्या त्या राज्यात अप्टन सिंक्लेअर हे समाजवादी विचारांचे प्रसिद्ध लेखक डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी जिंकून गव्हर्नरपदासाठी उभे राहिले. राज्यातली गरिबी संपवण्याची त्यांची योजना घरोघर पोचली होती. व्हिटेकर-बॅक्स्टर यांच्याकडे रिपब्लिकनांच्या लेफ्टनंट गव्हर्नरपदाच्या उमेदवाराचे काम होते, पण रोख सिंक्लेअर यांच्यावरच ठेवायचे ठरले. दोघांनी त्यांची पुस्तके वाचून काढली आणि वाक्ये निवडली. विवाहसंस्था, धर्म, शाळा, स्काउट, जे जे सामान्य माणसाला जवळचे त्यावर टीका करणारी वाक्ये. त्यांतली काही कादंबरीतल्या पात्रांच्या तोंडची होती, पण ती सिंक्लेअर यांचीच मते म्हणून छापली गेली. ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ मतदानापर्यंत पहिल्या पानावर अशी वाक्ये चौकटीत देत राहिला. हॉलिवूडच्या स्टुडिओंनी बनावट बातमीपट काढून चित्रपटगृहांत दाखवले. सिंक्लेअर आले तर देशभरचे बेकार कॅलिफोर्नियात लोटतील, असे त्यांत भासवले होते.

त्या वर्षी देशभर रूझवेल्ट यांची लाट होती आणि डेमोक्रॅट मध्यावधीतही वाढले. कॅलिफोर्नियात मात्र रिपब्लिकन फ्रँक मेरियम यांना सुमारे ११ लाख ३८ हजार मते पडली आणि सिंक्लेअर यांना ८ लाख ७९ हजार. तिसऱ्या उमेदवाराने तीन लाख मते घेतली, हेही विसरता येणार नाही. तरीही धंद्याने जो धडा घ्यायचा तो घेतला : आपला उमेदवार फिका असला तरी चालतो, समोरचा भीतिदायक दिसला पाहिजे. माझ्या मते नंतरच्या नव्वद वर्षांत तंत्र सतत बदलले, हा धडा कधीच बदलला नाही.

या जोडीने १९४२मध्ये अर्ल वॉरन यांना गव्हर्नर केले. तीनच वर्षांत वॉरन यांनी राज्यात आरोग्यविमा आणायचे ठरवले, तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेचे काम घेऊन या दोघांनी आपल्याच जुन्या अशिलाची योजना पाडली. अध्यक्ष ट्रुमन यांच्या राष्ट्रीय आरोग्यविम्याविरुद्ध अमेरिकन मेडिकल असोसिएशनची मोहीमही त्यांचीच. ‘सोशलाइज्ड मेडिसिन’, म्हणजे सरकारच्या ताब्यातले समाजवादी वैद्यक, हा शब्दप्रयोग त्या मोहिमेने घराघरात नेला. आजही अमेरिकेत सर्वांसाठी आरोग्यविम्याचा विषय निघाला की तीच भीती जागी होते. एखाद्या जाहिरात मोहिमेचा परिणाम किती पिढ्या टिकू शकतो, याचे याहून वेदनादायक उदाहरण मला आठवत नाही.

पुढची पायरी, नंतर अध्यक्ष झालेल्या रिचर्ड निक्सन यांची. १९४६ आणि १९५०, दोन्ही मध्यावधीची वर्षे. १९५०मध्ये सिनेटसाठी हेलन गहॅगन डग्लस यांच्याविरुद्ध लढताना मरे चोटिनर या वकील-रणनीतिकाराने गुलाबी कागदावर एक पत्रक काढले; गुलाबी म्हणजे कम्युनिस्टांकडे झुकलेला, हा त्यातला इशारा. डग्लसबाईंनी डाव्या विचारांच्या व्हीटो मार्कॅन्टोनिओ यांच्या बाजूने ३५४ वेळा मत दिले, असा त्यात हिशेब होता. त्यांतल्या बहुतेक ठरावांवर डेमोक्रॅटिक पक्षाचे बहुसंख्य सदस्य त्याच बाजूला होते आणि निक्सन यांनीही अनेकदा मार्कॅन्टोनिओ यांच्या बाजूनेच मत दिले होते. पत्रकात ते नव्हते. आकडा खरा, त्यातून निघणारा अर्थ खोटा. विरोधकाच्या मतदानाची नोंद चाळून त्यातून शस्त्र काढणे हा पुढे प्रत्येक प्रचार कार्यालयाचा स्वतंत्र विभागच झाला.

१९६६मध्ये स्टुअर्ट स्पेन्सर आणि बिल रॉबर्ट्स यांच्या कंपनीने कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदासाठी रोनाल्ड रेगन यांना हाती घेतले. नट माणूस, कारभाराचा अनुभव शून्य. ही उणीव झाकण्याऐवजी त्यांनी तीच पुढे केली : हे राजकारणी नाहीत, नागरिक आहेत. राज्याच्या प्रश्नांवर तयारी करून घेण्यासाठी मानसशास्त्रज्ञ नेमले आणि मुद्दे छोट्या कार्डांवर लिहून दिले. दोनदा निवडून आलेल्या पॅट ब्राऊन यांना रेगन यांनी जवळजवळ दहा लाख मतांनी हरवले. ‘मी बाहेरचा आहे’ असे म्हणत उभा राहणारा प्रत्येक उजवा उमेदवार तेव्हापासून याच पाऊलवाटेने चालतो.

पैशाची बाजू रिचर्ड व्हिगरी यांनी बदलली. १९६४मध्ये रिपब्लिकनांचे अध्यक्षपदाचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर दणकून हरले, पण त्यांना ५० डॉलर किंवा अधिक देणाऱ्यांची नावे नियमानुसार प्रतिनिधिगृहाच्या कार्यालयात नोंदलेली होती. व्हिगरी यांनी ती हाताने उतरवून घेतली. सुमारे १२,५०० नावे, आणि त्यांवर टपालाने देणग्या मागण्याचा मोठा व्यवसाय उभा राहिला. १९७४च्या कायद्याने एका व्यक्तीची देणगी एका निवडणुकीला एक हजार डॉलरवर आणली, तेव्हा धनिकांपेक्षा लहान देणगीदारांची लांब यादी जास्त मोलाची ठरली. उजव्यांकडे ती तयार होती. नॉर्थ कॅरोलायनाचे सिनेटर जेसी हेल्म्स यांनी १९७८च्या मध्यावधीत सत्तर लाख डॉलरहून जास्त खर्च केला, आणि त्यातला मोठा भाग टपालातून आला होता. पाकिटातले पत्र एकट्याने वाचले जाते, वर्तमानपत्र ते तपासत नाही, विरोधकाला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यामुळे सभेत बोलता येणार नाही अशी भाषा त्यात चालून गेली.

याच हेल्म्स यांच्या १९९०च्या लढतीत ती भाषा टीव्हीवर आली. समोर हार्वी गँट हे शार्लट शहराचे माजी कृष्णवर्णीय महापौर होते आणि लढत अटीतटीची होती. अखेरच्या दिवसांत ॲलेक्स कॅस्टेलानोस यांनी केलेली एक जाहिरात आली. एका गोऱ्या माणसाचे हात नोकरी नाकारल्याचे पत्र चुरगळतात, आणि ही नोकरी तुमची होती, पण कोट्यामुळे ती अल्पसंख्याकाला गेली, असे आवाज सांगतो. हेल्म्स सुमारे एक लाख मतांनी जिंकले. या जाहिरातीनेच ते जिंकले, असे सिद्ध करता येत नाही. पण अन्यायाची भावना कोणाच्या मनात आहे ते हेरून तिला चेहरा देणे, याला रणनीती म्हणून मिळालेली प्रतिष्ठा मला धोक्याची वाटते.

१९९४ हे या साऱ्या कथेचे शिखर. प्रतिनिधिगृहातले रिपब्लिकन नेते न्यूट गिंग्रिच यांनी ‘गोपॅक’ या संस्थेमार्फत वर्षानुवर्षे उमेदवारांना ध्वनिफिती पाठवल्या होत्या. गाडी चालवताना ऐकायच्या, आणि सगळ्यांनी एकाच सुरात बोलायचे. १९९०मध्ये संस्थेने शब्दांची यादीच दिली : स्वतःबद्दल बोलताना कुठले वापरायचे आणि विरोधकाबद्दल कुठले. दुसऱ्या यादीत भ्रष्ट, गद्दार, आजारी असे शब्द होते. २७ सप्टेंबर १९९४ रोजी तीनशेहून जास्त उमेदवारांनी कॅपिटॉल या संसदभवनाच्या पायऱ्यांवर ‘अमेरिकेशी करार’ सही करून जाहीर केला. दहा विधेयके, पहिले शंभर दिवस. मसुद्याची भाषा फ्रँक लुंट्झ यांच्या जनमत चाचण्यांतून घासूनपुसून आली होती. गर्भपात आणि शाळेतली प्रार्थना हे पक्षात फूट पाडणारे विषय मुद्दाम वगळले होते. आणि बारकाईने वाचले तर वचन विधेयके मंजूर करण्याचे नव्हतेच, ती मतदानाला आणण्याचे होते.

रिपब्लिकनांनी प्रतिनिधिगृहात ५४ जागा वाढवल्या, चाळीस वर्षांनी बहुमत मिळवले आणि सभापती टॉम फोली स्वतः पडले. चाचण्या सांगतात की बहुतेक मतदारांनी या कराराचे नावही ऐकलेले नव्हते. मग त्याचा उपयोग काय झाला? शेकडो मतदारसंघांतल्या स्थानिक लढती एका देशव्यापी लढतीत गुंफल्या गेल्या, आणि नवख्या उमेदवाराच्या हाती तयार संहिता आली. रस्ता, पूल, धान्याचे भाव यांवर लढणारा खासदार तेव्हापासून दुर्मीळ होत गेला. मतदानाच्या त्याच दिवशी टेक्सासमध्ये रणनीतिकार कार्ल रोव्ह यांनी शिक्षण, कल्याण योजना, बालगुन्हेगारी आणि नुकसानभरपाईचे दावे या चार मुद्द्यांच्या बाहेर न पडता जॉर्ज डब्ल्यू. बुश यांना गव्हर्नर केले.

रोव्ह यांनी २००२मध्ये उलटी किमया केली. पक्ष सत्तेत असूनही दोन्ही सभागृहांत जागा वाढल्या. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरची मनःस्थिती हे त्याचे मोठे कारण, पण यंत्रणाही नवी होती : अखेरच्या ७२ तासांत घरोघर जाणारे, दूरध्वनी करणारे कार्यकर्ते.

मग २०१०. जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ‘सिटिझन्स युनायटेड’ खटल्यात कंपन्यांच्या स्वतंत्र प्रचारखर्चावरची बंदी उठवली आणि बाहेरचा पैसा पूर आल्यासारखा आला. ओबामांच्या आरोग्य कायद्याविरुद्ध टी पार्टी या उजव्या चळवळीचा रोष रस्त्यावर होताच. रिपब्लिकनांना प्रतिनिधिगृहात ६३ जागा जास्त मिळाल्या. पण त्या वर्षीची खरी चाल त्याहून खालच्या पातळीवर झाली, आणि तिच्याकडे तेव्हा फार कमी लोकांनी पाहिले. ख्रिस जान्कोव्स्की यांच्या ‘रेडमॅप’ योजनेने सुमारे तीन कोटी डॉलर राज्यांच्या विधिमंडळांतल्या मोजक्या जागांवर लावले. २०१०ला जनगणना, २०११ला मतदारसंघांची फेररचना, आणि अनेक राज्यांत नकाशा आखणार ते विधिमंडळच. २०१२मध्ये देशभर डेमोक्रॅटिक उमेदवारांना सुमारे १४ लाख मते जास्त पडली, पण प्रतिनिधिगृह २३४ विरुद्ध २०१ असे रिपब्लिकनांकडे राहिले. पेनसिल्वेनियात मते कमी पडूनही त्यांनी १८पैकी १३ जागा घेतल्या. इथे प्रचारतज्ज्ञाच्या कामाचे स्वरूपच बदलते. आधी तो मतदाराला नेता निवडायला लावत होता, आता तो नेत्यासाठी मतदार निवडू लागला. डेमोक्रॅटही संधी मिळेल तिथे नकाशे वाकवतात. मेरीलँड, इलिनॉय ही नावे त्यासाठी पुरेशी आहेत. पण इतक्या नियोजनाने, इतक्या स्वस्तात, एका मध्यावधीत हे त्याआधी कोणी केले नव्हते.

या धंद्याची कमाई कुठून होते, तेही पाहिले पाहिजे. टीव्हीच्या वेळेवर सल्लागाराला मिळणारी दलाली परंपरेने १५ टक्क्यांपर्यंत असे. त्यामुळे घरोघर फिरण्यापेक्षा आणखी एक जाहिरात, असा सल्ला त्याला सोयीचा असतो. उमेदवार पडला तरी बिल चुकत नाही. ही रीत आता आपल्याकडेही आली आहे. २०२४च्या विधानसभा निवडणुकीत अजित पवार यांच्या पक्षाने गुलाबी रंग अंगावर घेतला तो नेमलेल्या प्रचार कंपनीच्या आखणीतूनच.

२०२२ने जुन्या सूत्राची दुसरी बाजू दाखवली. महागाई चढलेली, बायडेन यांची लोकप्रियता घसरलेली, लाल लाट (लाल हा तिथे रिपब्लिकनांचा रंग) येणार असे सगळे म्हणत होते. सिनेटमधले रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनेल यांचे मत असे की कार्यक्रम जाहीर करूच नये, निवडणूक बायडेन यांच्यावर राहू द्यावी. पक्षाच्या सिनेट प्रचाराचे प्रमुख रिक स्कॉट यांनी मात्र स्वतःची योजना छापली. प्रत्येकाने थोडा तरी प्राप्तिकर भरावा असे त्यात होते, आणि डेमोक्रॅटिक जाहिरातींना ते आयतेच मिळाले. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला, आणि घराबाहेर पडण्याइतका राग या वेळी दुसऱ्या बाजूला आला. ऑगस्टमध्ये कॅन्सससारख्या उजव्या राज्यातही मतदारांनी गर्भपातविरोधी घटनादुरुस्ती फेटाळली, तेव्हाच इशारा मिळाला होता. रिपब्लिकनांना प्रतिनिधिगृह मिळाले, पण २२२ विरुद्ध २१३ इतक्याच फरकाने. सिनेटमध्ये तर पेनसिल्वेनियाची जागा गेली.

त्यानंतर रिपब्लिकन रणनीतीचा भर पुन्हा नकाशांवर आला. जनगणना झालेली नसताना, दशकाच्या मध्येच, टेक्सासने ऑगस्ट २०२५मध्ये पाच जागा वाढाव्यात या हिशेबाने मतदारसंघ नव्याने आखले. ४ नोव्हेंबर २०२५ रोजी कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ‘प्रस्ताव ५०’ मंजूर करून डेमोक्रॅटांना तितक्याच जागा मिळवून देईल असा नकाशा स्वीकारला. सार्वमताचा प्रचार विकत घेता येतो, हे व्हिटेकर आणि बॅक्स्टर यांनी याच राज्यात १९३३मध्ये दाखवले होते. या वेळी त्या प्रचारात दोन्ही बाजूंचे मिळून कोट्यवधी डॉलर उतरले.